सुतकातली भातलावणी

बाबा गेले तेव्हा रोप लावणीला आलं होतं. अमेरिकेत, कॅरीतल्या घरामागे, लॉन खणून त्यांनी केलेल्या एवढ्याशा खाचरात चिखल तयार होता. सुतक फिटेपर्यंत थांबलं तर रोप जून होणार, मग त्याला फुटवा येणार नाही. गावाहून आणलेल्या लाल भाताचं सगळं बी बाबांनी यंदा पेरलं होतं. मागे दाणाही ठेवला नव्हता.

"मी लावते," नेत्रा म्हणाली.

"सुतकात घरच्यांनी हात लावायचा नाही," आई म्हणाली. "आमच्याकडे अशा वेळी वाडीतले येऊन लावून देत."

इथे वाडी म्हणजे पलीकडच्या घरातले उल्हासकाका आणि शैलजाकाकू. काका निवृत्त सर्जन. दोघांनी भात पाहिलेला तो कुकरमध्ये. तरी शनिवारी सकाळी पँटी दुमडून ते हजर झाले.

नेत्रा पायरीवर बसली. भातशेतीच्या इतिहासावरची पुस्तकं तिनेच बाबांना आणून दिली होती. ती चाळून ते म्हणत, "छान आहे गं. पण यात चिखल कुठंय?" राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळताना, एकदा फायर ब्रिगेड दारात आली, तेव्हापासून ते तो बार्बेक्यूच्या शेगडीत जाळून राख वाफ्यात पसरत.

"अहो, लावलेलं तुडवताय!" काकू ओरडल्या.

"मग काय, रिव्हर्स घेऊ?"

"मागे मागेच यायचं असतं, काका," नेत्रा म्हणाली. "आणि एका जागी दोन-तीनच काड्या. वरवर खोचा."

"डोन्ट वरी. आयुष्यभर टाके घातलेत मी."

"पेशंट झोपलेले असायचे म्हणून खपलं," काकू म्हणाल्या.

दुपारपर्यंत खाचर भरलं. ओळी वाकड्या, एकेका चुडात मूठभर काड्या, निम्मं रोप खोल रुतलेलं. यातलं बरंच कुजणार, हे नेत्राला दिसत होतं. दोघं घरी गेल्यावर ती उठून बांधापाशी गेली आणि वाकली.

"राहू दे," आई दारातून म्हणाली. "त्यांनी लावलेलं उपटायचं नाही."

"मरेल ते, आई."

"थोडं मरेल." आई उंबऱ्याबाहेर आली नाही. "ती रोपांची जुडी उरलीय ना, ती काकूला कोपऱ्यात चिखलात रोवून ठेवायला सांग. सुतक फिटलं की मेलेल्या रोपांच्या जागी तू लाव. जून असलं तरी चार काड्या धरतील."

नेत्रा सरळ झाली. कुंपणाशी जाऊन तिने काकूंना हाक मारली.