पलंगाखालचं लिंबू

गजेंद्रच्या पलंगाखाली अर्धं लिंबू, एक बारीक सुई आणि बुडाशी काळा पडलेला चमचा सापडला, तेव्हा गोदाबाईंची खात्रीच पटली. करणी! आणि करणारी कोण, तर बाळापूरहून आणलेली ही रागिणी. लग्नाआधी पोरगा कसा दणकट होता! आता अकोल्याच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसतो, नाक खाजवतो, जेवता जेवता पेंगतो. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. अंधाऱ्या खोलीतही डोळ्यांतल्या बाहुल्या खसखशीएवढ्या. बायकोनं नजर बांधली, दुसरं काय!

त्यांनी ते सगळं ओट्यावर आपटलं. "काय चारून राहिली तू माह्या पोराले? बोल!"

रागिणी भांडली नाही, आणि त्याचाच गोदाबाईंना जास्त संशय आला. ती खोलीत गेली. बसल्या जागी डुलणाऱ्या गजेंद्रची बाही तिनं वर सारली. कोपराच्या आत शिरेवर काळ्या टिपक्यांची रांग होती. एका जागी पू झाला होता.

"करणी नाही आत्याबाई, हेरॉइन आहे. सुईनं टोचून घेतात हे. सहा महिन्यांपासून सांगून राहिली मी, अन् तुमी म्हणता, सून नवऱ्याले बदनाम करते."

"मंग लिंबू कशाले?"

"त्याच नशेले लागते."

गोदाबाई खाली बसल्या. पित्त झालं म्हणायचा, म्हणून रोज दुपारी अंगणातल्या झाडाचं एक लिंबू त्या स्वतः त्याच्या हातात ठेवत. पलंगाखालचं कालचं होतं. आजचं अजून त्यांच्या ओच्यात होतं.