काश्यप गोत्राचे तिघे

सरोजिनीने खडू साखरेच्या पाण्यात बुडवला, दहापर्यंत आकडे मोजले आणि स्टुलावर पाय ठेवला. स्टुलाचा एक पाय आखूड होता. भिंतीला हात टेकवूनच चढावं लागे. समोरचा फळा कोरा होता. नुसता कोरा नव्हे, ओल्या फडक्याने चोळून चोळून पुसलेला, कडेला पाण्याचे ओघळ वाळलेले. काल संध्याकाळी तिथे तिच्या ठसठशीत अक्षरांत ओळ होती: ‘चीनच्या वाळवंटात रॉकेट उभ्यानेच रुळांवरून तळापाशी नेले. तिघे जाणार.’

तिने तीच ओळ पुन्हा लिहिली. या वेळी अक्षरं बोटभर मोठी काढली.

गोरेगावच्या जीप स्टँडसमोर वाचनालयाच्या दोन खोल्या होत्या आणि बाहेरच्या भिंतीवर हा फळा. सव्वीस वर्षं सरोजिनी तिथे ग्रंथपाल होती आणि सव्वीस वर्षं रोज एक वार्ता त्याच्यावर लिहीत होती. आत बसून पेपर वाचणारे चारदोनच. फळा मात्र सगळं गाव वाचायचं. सेनगावची, हिंगोलीची जीप भरेस्तोवर माणसं त्याच्यासमोर उभी राहत. ज्यांना वाचता येई ती वाचत. ज्यांना येत नसे ती वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

“उभ्यानंच नेलं म्हंता?” गोपीचंदने जीपच्या खिडकीतून मान बाहेर काढली. “त्यात काय नवल, बाई? माझे पाशिंजर बी उभ्यानंच जातेत.”

“तुझे सेनगावला उतरतात. ह्यांना सहा महिने उतरायचं न्हाई.”

“बाप रे! नावं काय म्हनं त्यांची?”

“सांगितली न्हाईत अजून. उडायच्या आदल्या दिवशी सांगतात.”

“काहून?”

“रीतच आहे त्यांची.”

“बरी हाये. बारशाआधी लेकराचं नाव सांगू नये, तसंच झालं की.” त्याने हॉर्न वाजवला आणि जीप हलली.

सरोजिनीच्या हातात केरसुणी होती. ती तिने भिंतीला टेकवली. माणूस वाटेला लागलं की पोचेस्तोवर मागं झाडायचं, पुसायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. जीपमागे सेनगावपर्यंत थांबणं काही जमत नव्हतं. म्हणून जीप वळणाच्या लिंबाआड गेली की पोचली, असं तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. जीप लिंबाआड गेली. तिने पायरी झाडली.

दत्तोपंत आले ते देवळाकडूनच. खांद्यावर उपरणं, हातात पितळी कळशी, आणि कळशीच्या गळ्याला गुंडाळलेलं ओलं फडकं. महादेवाच्या देवळाचे ते पुजारी आणि वाचनालयाचे अध्यक्ष. पहाटे पूजेला जाताना ते आठवडाभर एक जास्तीचं काम करत होते, फळा पुसायचं. आज मात्र पूजेहून परतताना पुसलेली ओळ पुन्हा लिहिलेली, अजून ओली दिसत होती.

“परत लिहिलं?”

“परत पुसलं म्हणून.”

“सरोजिनीबाई, सीमेवर आपली पोरं थंडीत उभी आहेत. अन तुम्ही गावाच्या भिंतीवर त्या लोकांचे पोवाडे लिहून राहिल्या.”

“पोवाडा न्हाई. वार्ता आहे. तीन माणसं जिवावर उदार होऊन निघालीत, ही वार्ता न्हाई का?”

“आपलं यान माणसं घेऊन जाईल तेव्हा लिहा की.”

“तेव्हा लिहीनच. तेव्हा रंगीत खडूनं लिहीन.”

स्टँडवरची माणसं आता फळ्याऐवजी ह्या दोघांना वाचू लागली होती. दत्तोपंतांनी ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“येत्या शुक्रवारी अकराला कमिटी बसते आहे. तोवर हे चीनचं थांबलं न्हाई, तर फळाच उतरवायचा ठराव मी मांडून राहिलो. आधीच सांगतो. मागाहून तकलीफ नको.”

सरोजिनीचा हात नकळत फळ्याच्या लाकडी चौकटीवर गेला. तिच्या बोटांनी तिथला एक कोपरा सव्वीस वर्षांत गुळगुळीत केला होता.

“उतरवा. मी मागच्या भिंतीवर लिहीन,” ती म्हणाली. “औंढ्याला संताचं कीर्तन देवळामागं ढकललं तर देऊळच त्याच्याकडं फिरलं होतं. पुजारी माणूस, विसरलात?”

कुणीतरी फसकन हसलं. दत्तोपंतांनी फडकं सोडलं, पिळलं आणि ओळ पुसायला घेतली. साखरेचा खडू सुखासुखी निघेना. ते घासत राहिले, मनगट दुखेस्तोवर.

“तुम्ही पुसा, मी लिहिते,” सरोजिनी शांतपणे म्हणाली. “ज्याचा हात आधी दुखेल त्यानं थांबावं.”

मग तसंच चालू झालं. ती संध्याकाळी लिही, ते पहाटे पुसत. ‘यान आणि रॉकेट यांची जोडणी तपासली.’ पुसलं. ‘वाळवंटात उड्डाणाची तालीम झाली. वारा शांत.’ पुसलं. साखरेच्या पाण्याचा एक परिणाम तिने धरला नव्हता. रात्रीतून मुंग्या येत आणि अक्षरांवरूनच चालत. काना, मात्रा, वेलांटी, काही सोडत नसत. सोमवारी ती मुद्दाम पहाटेच आली तर फळा पुसलेला होता, पण दत्तोपंतांनी पुसलेल्या जागेवर मुंग्या अजून तीच ओळ चालत होत्या. वाळवंटातल्या ‘ळ’ला वळसा घालून पुढे.

मंगळवारी संध्याकाळी नर्मदाबाई आली. मेंढरं स्टँडमागच्या पडीत सोडून ती फळ्यासमोर काठीवर हनुवटी टेकवून उभी राहिली.

“वाच व माय, काय लिवलंस.”

सरोजिनीने वाचून दाखवलं.

“वाळवंट म्हंजे नुस्ती वाळूच?”

“वाळूच. पण कडेकडेनं गवत आहे. तिकडं पण मेंढपाळ आहेत, मावशी. मेंढरं, उंटं घेऊन हिंडतात.”

“व्हय का? मंग पानी कुठून पाजतेत?” नर्मदाबाई बराच वेळ विचारात पडली. एवढं मोठं धूड उभं केलं, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. पाण्याची काळजी तिला लागली होती. मग जाता जाता तिने विचारलं, “अन त्या तिघायच्या माया? त्या जित्या हायेत का?”

हे काही कुठल्या बातमीत नव्हतं.  सरोजिनीच्या कानात जातं घरघरलं.

*वाटेवरच्या वाटसरा, तुझं गाव मला ठाव न्हाई,*
*जात्यावर घेते नाव, तुझी माय इथं न्हाई.*

आईची ओवी. आई ती कुणासाठीही म्हणे: परगावी शिकायला गेलेला भाऊ, बदली झालेला पोस्टमन, एकदा तर चुकून गावात उतरलेला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेलेला एक मदारी. आणि एकदा, सरोजिनी पंधरा वर्षांची असताना, असाच एप्रिल होता. आपला माणूस रशियाच्या यानात बसून आभाळात निघाला होता, सोबत दोघं तिकडले. रेडिओवर वेळ सांगितली संध्याकाळची. आईने तांब्याभर दूध घेतलं आणि तिला म्हणाली, तुला वाचता येतं ना, मग तिघांचीही नावं कागदावर लिहून घे, अन चल.

त्या दिवशी महादेवापुढे दत्तोपंतांचे वडील बसले होते. कळशी धरून उभा होता तो बाविशीतला दत्तू.

बुधवारी दुपारी नावं आली. सरोजिनीने ती मोबाइलवर चार वेळा ऐकली, ओठांनी घोटली, आणि उन्हातच स्टूल बाहेर काढलं. संध्याकाळची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता.

‘उद्या सायंकाळी साडेसहाला उड्डाण. जाणारे: लिन जुनफेंग, शू वेनहाय, गाओ मिंगयुआन.’

गुरुवारी सकाळी फळा कोरा. तिने काही लिहिलं नाही. स्टँडवर कुजबुज झाली की बाई अखेर दमल्या, उद्याच्या मीटिंगला भ्यायल्या. गोपीचंद तर जीप सोडून खाली उतरला.

“बाई, आजच्याला गप बसल्या? ऐन लग्नात वाजंत्री बंद?”

“तुझ्या मोबाइलवर ते थेट दिसतं ना?”

“दिसतं की.”

“मग साडेसहाला जीपमधीच बस. वर गेलं की तीनदा हॉर्न वाजव. लांब वाजव.”

“अन तुमी कुठं राहान?”

“मला जरा काम आहे.”

सहा वाजता सरोजिनी देवळात शिरली तेव्हा तिच्या हातात दुधाचा तांब्या, बेलाची जुडी आणि नारळ होता. चपला काढताना तिने मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. गाभाऱ्यात समई लागली होती. दत्तोपंतांनी तिला पाहिलं आणि क्षणभर त्यांचा हात उपरण्याशी थांबला. उपरण्याच्या टोकाला खडूचा पांढरा डाग होता.

“अभिषेक करायचा आहे,” ती म्हणाली.

“आत्ता?”

“प्रदोषाची वेळ आहे. न्हाई म्हणता का?”

देवळात आलेल्याला नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पाट सरकवला, पळी-पंचपात्र पुढे ओढलं. आचमन झालं. त्यांनी तिच्या तळहातावर पाणी सोडलं, अक्षता ठेवल्या आणि नेहमीच्या, न बघता विचारायच्या आवाजात विचारलं,

“कुणाच्या नावानं?”

“लिन जुनफेंग.”

पळी पंचपात्राच्या काठावर वाजली.

“सरोजिनीबाई, हे देऊळ आहे. फळा न्हाई.”

“म्हणूनच इथं आले. इथलं पुसता येत न्हाई.”

बाहेर पारावरच्या चिमण्यांनी गलका केला होता. दत्तोपंत पिंडीकडे बघत होते. 

“गोत्र काय सांगू त्यांचं?” ते म्हणाले. त्यांना वाटलं असावं, हा प्रश्न पुरेसा आहे.

“तुमच्या बाबांनी काय सांगितलं होतं?”

त्यांनी पळी उचलली, पुन्हा ठेवली.

“माझ्या हातात कागद होता. बाबा एका नावाशी थांबले. दुसऱ्या दोघांचं गोत्र कुणाला ठाऊक? तेव्हा ते काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलं. कळशी तुमच्या हातात होती.” आणि मग, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, तिच्या तोंडून निघून गेलं, “दत्तूदादा.”

समईची एक वात तडतडली. त्यांनी ती बोटाने सारखी केली, गरज नव्हती तरी.

“ते दोस्त होते आपले,” ते अखेर म्हणाले. “रशियावाले.”

“बाबांनी दोस्तीचं गोत्र विचारलं न्हाई.”

 तिच्या तळहातातलं पाणी बोटांच्या फटींतून गळू लागलं. तिने हात मात्र हलवला नाही. नाही म्हणाले असते तर ती तशीच, हात पुढे धरून, बसून राहणार होती. रात्र झाली तरी. हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

दत्तोपंतांनी तिच्या तळहातावर पुन्हा पळीभर पाणी घातलं.

“ज्याचं ठाऊक न्हाई त्याचं काश्यप,” ते पुटपुटले, आणि आवाज चढवून संकल्प सुरू केला. देश, काळ, नदीचा तीर, संवत्सर, मास, तिथी. “...काश्यप गोत्रोत्पन्नस्य, लिन जुनफेंग...” नाव त्यांच्या घशात अडकलं नाही. जसं गावातल्या कुणाचंही घ्यावं तसं त्यांनी घेतलं, आणि पुढच्यासाठी तिच्याकडे मान वळवली.

“शू वेनहाय,” ती म्हणाली.

“काश्यप गोत्रोत्पन्नस्य, शू वेनहाय...”

तिसरं नाव सांगायला तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात स्टँडवरून हॉर्न आला. लांब. मग दुसरा. मग तिसरा, इतका लांब की गोपीचंदचा हात बहुधा बटणावरच राहिला. सरोजिनीचे डोळे भरून आले आणि आवाज कुठे गेला ते तिलाच कळेना. तिने नुसती मान हलवली, ओठ हलवले.

दत्तोपंतांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून, पळी पिंडीवर धरून ते म्हणाले,

“काश्यप गोत्रोत्पन्नस्य, गाओ मिंगयुआन...”

दुधाची धार पिंडीवरून खाली आली. ती कुठेही तुटली नाही.

शुक्रवारी पहाटे सरोजिनी साखरेच्या पाण्याची वाटी घेऊन आली तेव्हा दत्तोपंत वाचनालयाच्या पायरीवर बसलेले होते. कळशी बाजूला. फडकं खांद्यावर, कोरडं. फळ्यावर बुधवारची एक मुंगी, वाट चुकल्यासारखी, पुसलेल्या नावांच्या जागी फिरत होती. पायरी झाडलेली नव्हती. काल संध्याकाळी तिनेच केरसुणी उचलली नव्हती, आणि आज त्यांनीही लिंबाचा पाला तसाच राहू दिला होता.

“पोचले का?” त्यांनी विचारलं.

“पोचले. रात्री एक वाजता, वरच्या अंतराळ स्थानकावर. दार उघडून आत गेले. आधीचे तिघं होते तिथं, त्यांनी गळामिठ्या घातल्या.”

“बरं झालं.” ते गुडघ्यावर हात टेकून उठले. केरसुणी घेतली आणि पायरी झाडली, कोपऱ्यापर्यंत. मग कळशीत फडकं बुडवून फळा पुसला. मुंगीला आधी बोटाने बाजूला करून.

सरोजिनीने स्टूल आणलं. भिंतीला हात टेकवायला ती वळली, तर स्टूल हललं नाही. आखूड पायाच्या बाजूने त्यांनी ते धरलं होतं.

“कमिटी अकराला आहे,” ते खालून म्हणाले. “मी ठराव मागं घेतलेला न्हाई.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि ‘पोचले’ हा एकच शब्द फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरेल इतकं मोठं पहिलं अक्षर काढायला घेतलं.