बोलेल त्यानं करायचं

युवक मंडळाच्या कार्यकारिणीतले सगळ्यात तरुण गृहस्थ गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढत. निर्णयात तरुणांनाही घ्या, अशी वरच्या कार्यालयाची तंबी आली, तेव्हा कुठं मंडळींना आठवलं की आपल्याकडे तरुणही येतात. शोधाशोध करून त्यांनी टिटवीला उचललं. सतरा वर्षांची पोर. नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं. एकदा सुरू झाली की आख्खी गल्ली जागी.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची नाही, ही सवय दवाखान्यातून बैठकीत आलेली. "तरुणांचं काय म्हणणं?" ते विचारत, आणि टिटवी खरंच सांगे. खिडकीची काच फुटलीय. "छान! मग तूच बघ." फलक जुना झालाय. "अगदी बरोबर. तूच रंगव." मंडळाचा हा न लिहिलेला कायदा होता: बोलेल त्यानं करायचं. म्हणून तर बाकीचे वर्षानुवर्षं इतक्या समजूतदारपणे गप्प बसत. टिटवीला हे कुणी सांगितलं नाही. आयतं राबणारं माणूस शहाणं करून कुणाच्या पदरात काय पडणार?

मंडळाची खोली टायरच्या दुकानावर. एका पायाखाली वीट दिलेलं टेबल टेनिसचं टेबल आणि स्प्रिंगा वर आलेला सोफा. संध्याकाळी दहाबारा पोरं तिथं पडीक. टिटवी सगळ्यांत आधी येई आणि सगळ्यांत शेवटी जाई. आई इस्पितळाच्या धुलाईघरात दुपारपाळीला. ती परतेपर्यंत घरात फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला. हे टिटवीनं कुणाला सांगितलं नव्हतं. इतकं बोलणारी माणसं नेमकं एवढंच सांगत नाहीत.

सोफ्याला सिगारेटचं भोक सापडलं आणि कार्यकारिणीनं ठरवलं, सहानंतर खोली बंद.

"नाही चालणार," टिटवी म्हणाली. "सगळे संध्याकाळीच येतात. निदान आम्हाला विचारायचं तरी!"

"विचारतोच आहोत की. तू आहेस ना इथं?" डॉक्टर प्रसन्न झाले. "पण मग कुणीतरी जबाबदार माणूस बसायला हवं."

सगळ्या नजरा पंख्याकडे गेल्या. पंखा बंद होता.

"बसते मी," टिटवी म्हणाली.

किल्ली मिळाली, शिवाय कुणालाही बाहेर काढायचा अधिकार. पहिल्या संध्याकाळी लंबूनं, तिच्या बालवाडीपासूनच्या मित्रानं, टेबलावर बॅट बडवून तिचं स्वागत केलं. "अहो बाई, बूट काढू का?" सगळे हसले, तीही हसली. आठवड्याभरात तिला खरंच म्हणावं लागलं, "लंब्या, सोफ्यावरून बूट काढ. आणि सिगारेट बाहेर."

"जशी आज्ञा, अध्यक्षीणबाई."

तो समोरच्या बँकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. त्याच्यामागे दोघं गेले. मग ज्यांनी जन्मात सिगारेट हातात धरली नव्हती, तेही. टिटवीला वरच्या खिडकीतून त्यांचं हसणं दिसे, ऐकू येत नसे.

पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी पाठ थोपटली. "तरुणांच्या हाती निर्णय दिला की बघा! खोलीबद्दल एक तक्रार नाही."

तक्रार करायला खोलीत माणूस तर हवं. टिटवी म्हणाली, "किल्ली आळीपाळीनं सगळ्यांकडे द्या. नियम काय, कोण बसणार, त्यांनाच ठरवू द्या."

"उत्तम! मग तूच बघ."

ती तडक पायऱ्यांवर गेली. "सोमवारी कोण बसतं? नियम आता आपणच करायचे."

लंबू म्हणाला, "खोली आम्ही कधी मागितली होती गं?"

"अरे, सहाला बंद करणार होते!"

"करू द्यायचं होतं. आम्ही इथं बसलो असतो. नाहीतरी बसतोच." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तू आमच्यासाठी भांडलीस, कबूल. पण एकदा तरी आम्हाला विचारलंस?"

हाच प्रश्न तिनं डॉक्टरांच्या तोंडावर फेकला होता. डॉक्टरांकडे निदान उत्तर तरी होतं.

"जाऊ दे. बस इथं," लंबू बाजूला सरकला.

खोली कुलपात ठेवून ती बसली. लंबूनं गणिताच्या मास्तरांची नक्कल केली आणि ती पोट धरून हसली. किती दिवसांनी! मग एकीचा फोन वाजला. "आले गं आई, वाढायला घे." दुसऱ्याला न्यायला मोठा भाऊ आला, तिसरा त्याच्याच गाडीवर मागं बसला. पायऱ्या अशा रिकाम्या होत गेल्या की जाणाऱ्या कुणाला काही वाटलंही नाही. प्रत्येकाची कुठंतरी वाट बघितली जात होती.

शेवटी लंबू उठला. पँट झटकत म्हणाला, "तू नाही निघत?"

"किल्ली आहे ना माझ्याकडे," टिटवी म्हणाली. "बसावं लागतं."

आणि रस्ता ओलांडून ती वर गेली.