तीन चंदेरी ट्रम्पेट

शाळेच्या वाद्यवृंदाचे कुरोसे सर कुणाला वाईट बोलत नाहीत, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागतं. पालकसभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि मऊ आवाजात म्हणाले की इबुकी मेहनती आहे, चुकत नाही, सगळ्यांच्या आधी येऊन सराव करते. फक्त तिचा सूर ट्रम्पेटच्या तोंडापाशी येऊन थांबतो. शाळेचं जुनं वाद्य आता बस झालं. नवशिक्यांच्या वरचं, मधल्या प्रतीचं, तिच्या छातीतली हवा बाहेर काढील असं एखादं घ्या. वसंतात स्पर्धेचा संघ निवडणार होते. सूर असाच राहिला तर उन्हाळ्यात इबुकी मंचावर नसेल, मंचामागे खुर्च्या उचलत असेल. एवढं सर बोलले नाहीत, पण मला समजलं.

इबुकी माझ्या नवऱ्याची, मासाकीची, पहिल्या लग्नाची मुलगी. ती लहान असतानाच तिची आई गेली. मी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा तिने माझ्यासाठी दाराशी नव्या सपाता जुळवून ठेवल्या होत्या. आता ती सोळा वर्षांची आहे आणि माझा योता अजून वर्षाचाही नाही. ती मला आई म्हणत नाही, नावापुढे आदराचं 'सान' लावून चिनात्सुसान म्हणते, आणि मी काहीही सांगितलं तरी 'हो' म्हणते. कुरकुर नाही, तोंड वाकडं करणं नाही. इतर आया आपल्या मुली कशा दारं आपटतात ते सांगतात, तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो.

आमच्या इमारतीच्या भिंती म्हणजे पापुद्रे. योता झाल्यापासून इबुकी ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारा बूच बसवते, गाद्यांच्या कपाटात शिरते, सरकतं दार लावून घेते आणि आत बसून वाजवते. बाहेर येतो तो डास गुणगुणावा एवढा सूर. हळू वाजव, असं मी तिला कधीही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान माफी तरी मागता आली असती.

मासाकीला रविवारीही कामावर जायचं होतं. योताला छातीशी बांधून मी इबुकीला घेऊन ताकाओका स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार नोमुरा भलता बोलका. कुठली शाळा हे विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न, सेनपाई कुठला वाजवते? सेनपाई म्हणजे इवासे, इबुकीच्या वरच्या वर्गातली, ट्रम्पेटच्या रांगेची म्होरकी. तिला इथूनच दिला होता म्हणे.

"मग त्याच्या वर एक पायरीसुद्धा चढायचं नाही," नोमुरा इबुकीला म्हणाला. "नाहीतर वर्षभर सरावाच्या खोलीची तिच्या वाट्याची लादी तूच पुसशील. आणि सोनेरीकडे तर बघूच नकोस. तुमची रांग सगळी चंदेरी. त्यात एक सोनेरी म्हणजे बगळ्यांत कोंबडी."

इबुकी तोंडावर हात धरून हसली. मला बरं वाटलं. वाटलं, आज जमेल.

त्याने आम्हाला आवाज बाहेर न जाणाऱ्या खोलीत नेलं आणि मखमलीवर तीन ट्रम्पेट मांडले. तिन्ही चंदेरी, तिन्ही मधल्या प्रतीचे. मला तर एकाच आईची लेकरं वाटली. योता माझ्या छातीवर झोपला होता. इबुकीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पहिला उचलला. गोड, बारीक सूर. दुसरा उचलला. तोच गोड, बारीक सूर.

"मोकळं वाजव की," नोमुरा म्हणाला. "इथला आवाज बाहेर मुंगीलासुद्धा ऐकू जात नाही."

ती 'हो' म्हणाली आणि पुन्हा तसंच वाजवलं.

तिसऱ्याची नळी रुंद होती. तिच्या त्या चिमूटभर हवेला तो दाद देईना. नुसताच फुसफुसला. तिने पुन्हा फुंकलं, पुन्हा फुसफुस. मग तिने खांदे खाली सोडले, पोटापासून श्वास घेतला, आणि खोली भरून गेली. तो सूर माझ्या पाठीच्या कण्यात शिरला. मी या मुलीबरोबर इतकी वर्षं एका घरात राहत होते आणि तिचा आवाज आज ऐकत होते. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. आपल्याच अंगात हे कोण राहतं, असा तिचा चेहरा झाला होता.

योता दचकून उठला आणि त्याने भोकाड पसरलं.

इबुकीने ट्रम्पेट झटकन खाली ठेवला. "माफ कर हं योता, माफ कर," असं म्हणत ती त्याच्यापुढे वाकू लागली, जसं काही तिने त्याला मारलं होतं. मी म्हटलं, अगं काही नाही, तू वाजव, मी याला बाहेर घेऊन जाते.

बाहेर येऊन मी योताला झुलवत राहिले. काचेतून ती दिसत होती. तिचे गाल, तिची बोटं. ऐकू काहीच येत नव्हतं. तिने तिसरा पुन्हा उचलला, नुसता हातात धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि परत मखमलीवर ठेवला. मी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. काय सांगणार होते मी?

ती बाहेर आली ती पहिला ट्रम्पेट घेऊन.

"हा बरा आहे," ती म्हणाली.

"आणि तिसरा?"

"तो मोठा पडतो."

"कुणाला?"

ती योताच्या पायातला निसटलेला मोजा नीट करायला लागली. "घराला," ती म्हणाली.

नोमुरा गल्ल्यामागे उगाचच कापडाच्या घड्या करत राहिला. मी जरा रागानेच विचारलं, तुला कुठला आवडला ते सांग, मला दुसरं काही ऐकायचं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत भीती नव्हती, हट्टही नव्हता. नुसती माझी सोय बघणारी नजर.

"चिनात्सुसान, तुम्हाला कुठला बरा वाटतो?"

आता मी गप्प राहिले तर ती योतासाठी पहिला घेणार, आणि मी तिसरा म्हटलं तर माझ्यासाठी तिसरा घेणार. तिचा असा एकही ट्रम्पेट त्या दुकानात नव्हता. मी खूप वेळ योताची पाठ थोपटत उभी राहिले. तो केव्हाच शांत झाला होता. सरांचं बोलणं आठवत होतं, आणि मघाशी वर गेलेल्या तिच्या भुवया.

"तिसरा," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

नोमुराने पेटीत ट्रम्पेट नीट बसवून दिला. तिने त्याला वाकून नमस्कार केला, मग माझ्याकडे वळली आणि मलाही तसाच वाकून केला, अगदी तेवढाच, कमरेपासून. पाहुण्याला करतात तसा.

ट्राममध्ये मागची जागा मिळाली. खिडकीबाहेर भातखाचरांत जुना बर्फ पडून होता. मी विचारलं, चुकलं का गं माझं? ती म्हणाली, नाही, छान आहे. घरी बूच न लावता वाजव, मी याला घेऊन खाली फिरायला जाईन, असं म्हटलं, तर हो म्हणाली. मला ते 'हो' पाठ आहे. मी रोज तान्ह्या पोराला घेऊन खाली थंडीत चकरा मारतेय, हे डोक्यात ठेवून ती आणखीच बारीक फुंकणार. आणि नाही गेले तर कपाटात जाणार.

"दमलात तुम्ही," ती म्हणाली. माझ्या छातीवरचा पट्टा सोडवून तिने योताला अलगद आपल्याकडे घेतलं. तो तिच्या शाळेच्या कोटाची गुंडी चोखू लागला. तिला दोन्ही हात हवे होते, म्हणून तिने पेटी माझ्या मांडीवर ठेवली. घर येईपर्यंत ती मीच धरून होते.