टाचण्या वेचणारे मणी

"ते चकचकीत मणी अजून तुझ्या मशिनवर आहेत का गं?" नणंदेने फोनवर विचारलं.

"आहेत की. का?"

"कंपनीने परत मागवलेत. आज आमच्या दुकानातून सगळे डबे काढले. पोरं गिळतात म्हणे. साधे मणी नाहीत ते, लोहचुंबक आहे. पोटात गेलं की आतड्याची वाट लावतं."

"ताई, ते खेळण्याबद्दल असेल. माझ्याकडे ते खेळणं थोडंच आहे? माझं हत्यार आहे ते."

"अगं, पण मणी तेच ना!"

"बरं, बघते," असं म्हणून तिने शर्टाचा मुंडा सुईखाली फिरवला. फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात होता, कारण दोन्ही हात कापडात गुंतले होते. शाळा उघडायला आल्या होत्या आणि गणवेशांचा ढीग खुर्चीवरून उतू चालला होता. नणंद खेळण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि दर आठवड्याला एखादं तरी संकट फोनवरून पोचवायची. कधी फुटलेल्या फुग्याचे तुकडे, कधी बाहुलीचे डोळे. "ताईंचं ऐकायचं तर आपल्या टिल्लीला कापसात गुंडाळून फळीवर ठेवावं लागेल," असं तिने नवऱ्याला सांगितलं. दोघं हसले आणि विषय तिथेच संपला.

निष्काळजीपणा हा तिच्यावर कुणी करावा असा आरोप नव्हता. उलट घरातली माणसं तिच्या काळजीला वैतागलेली होती. पदवी घेतल्यावर चार वर्षं कचेरीत काढून, टिल्लीच्या जन्मानंतर तिने घरीच शिलाई मांडली, तीही पोर डोळ्यांसमोर राहावी म्हणून. टेबलांच्या कोपऱ्यांना तिने फोमच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. कातर उंच खिळ्यावर असायची. द्राक्ष असलं तर त्याचे चार तुकडे व्हायचे. साखर पूर्ण बंद होती. त्यावरून सासूबाईंचं आणि तिचं अधूनमधून वाजायचं, आणि सासूबाई दरवेळी "आमची पोरं काय हवा खाऊन वाढली?" या वाक्यावर येऊन थांबायच्या.

तिला खरी धास्ती होती ती टाचण्यांची. शिलाईच्या घरात टाचणी पडणार, आणि रांगणाऱ्या पोराला ती आधी सापडणार. मण्यांचा डबा गेल्या वर्षी नणंदेनेच भावाला आणून दिला होता, मोठ्यांनी टेबलावर बसून आकार करत बसायचं खेळणं म्हणून. एकदा खाली पडलेली टाचणी टुणकन उडून त्या मण्यांना चिकटली, आणि तिचे डोळे चमकले. त्या दिवसापासून डबा तिचा झाला. काम संपलं की मण्यांचा गोळा मुठीत धरायचा, फरशीवरून फिरवायचा, मशिनच्या पायाशी, चटईच्या कडेने, कपाटाखाली. मूठ वर घेतली की गोळ्याला काटे फुटलेले असायचे. टाचण्या काढून डबीत टाकायच्या आणि गोळा मशिनच्या लोखंडी मानेला चिकटवून द्यायचा. टिल्ली चालायला लागली ती या गोळ्यामागूनच. आई फरशीवरून हात फिरवायची, तीही फिरवायची.

टाचण्या ती मोजून काढायची आणि मोजून ठेवायची. मणी मात्र तिने कधी मोजले नाहीत. राखणदाराला कोण मोजतं?

फोननंतर काही दिवसांनी टिल्लीला ताप आणि उलट्या सुरू झाल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. "साथ आहे सगळीकडे. पाणी पाजत राहा, उतरेल." तिनेही मान हलवली. सकाळपासून असाच ताप घेऊन तीन मुलं आली होती, आणि आपलंही त्यातलंच, याचा तिला थोडा दिलासाच वाटला. औषध दिल्यावर टिल्ली झोपली. दुसऱ्या दिवशी केळ्याचा घास तिने तोंडातून बाहेर ढकलला आणि पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. रडतही नव्हती, हे आईला आवडलं नाही. पण गणवेश न्यायला माणसं येणार होती, म्हणून पोरीला शेजारी चटईवर निजवून ती मशिनवर बसली.

दुपारी तिने नेहमीसारखा गोळा हातात घेतला. तो लहान लागला, मूठ भरली नाही. दोन टाचण्या अर्ध्या वाटेत गळून पडल्या.

तिने मूठ उघडून पाहिलं आणि हाक मारली, "आई, यातले मणी कुठे पडलेले दिसले का तुम्हाला?"

"मी काय तुझे मणी राखत बसू?" सासूबाई आतून म्हणाल्या. मग पदराला हात पुसत दारात आल्या. तिच्या तळहाताकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे असले?"

"रोज मशिनवर असतात आई. हेच."

"मशिनवरचं मी कुठे बघते? एवढासा एक होता तिच्या जिभेवर. मला वाटलं केकवरची चांदीची गोळी. शेजारच्या वाढदिवसाहून आलो होतो ना आपण? थुंक म्हटलं तर गिळून बसली बया."

"मला का नाही सांगितलंत?"

"साखर दिली म्हणून तू घर डोक्यावर घेतलं असतंस," सासूबाई म्हणाल्या.

तिने टिल्लीला उचललं. पोट फळीसारखं कडक लागलं. गाडीत बसल्यावर तिने नवऱ्याला फोन करून मोठ्या इस्पितळात यायला सांगितलं, आणि कारण सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता की त्याने दोनदा "काय?" म्हणून विचारलं.

क्ष-किरण काढणाऱ्या माणसाने पहिला फोटो पाहून काचेमागून डोकं बाहेर काढलं. "बाई, पोरीच्या अंगावरची माळ काढा. फोटोत येतेय."

"अंगावर काही नाही तिच्या," ती म्हणाली. "कपडेही काढलेत."

तो पुन्हा आत गेला. या वेळी त्याला बाहेर यायला वेळ लागला, आणि आला तेव्हा तो डॉक्टरांना बोलवायला निघाला होता.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर वयाने तिच्याएवढ्याच होत्या. त्या घाईत होत्या, पण त्यांनी नीट सांगितलं. एकच मणी असता तर बहुतेक आपसूक बाहेर पडला असता. हे एका वेळी गिळलेले नाहीत. एक पुढे गेला, दुसरा मागून आला. आतड्याच्या दोन वेढ्यांतून त्यांनी एकमेकांना ओढून धरलं, आणि मधलं आतडं चिमटीत सापडलं. "कापड दोन बाजूंनी दाबून धरलं आणि सोडलंच नाही तर जसं विरेल, तसं समजा," त्या म्हणाल्या. समोरची बाई शिवणकाम करते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नवरा आणि सासूबाई बाकावर बसले. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "कुंपणानेच शेत खाल्लं गं," आणि मग त्यांनी तोंडाला पदर लावला. ती उभीच होती. आत आता काय चाललं असेल याचा अंदाज बांधायचा नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिला जमत नव्हतं.

नणंद दुकानाचा निळा एप्रन न काढताच धावत आली.

"बोला ताई," ती म्हणाली. "म्हणा, सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, खरंय." नणंद तिच्याशेजारी भिंतीला टेकली. "पण फोनवर सांगितलं. दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला तेच सांगत होते, त्यात तुलाही सांगून टाकलं. माझं घर तुझ्यापासून दोन गल्ल्या. येऊन तो गोळा पर्समध्ये टाकून नेला असता, तर तू काय हात धरणार होतीस माझा?"

"धरला असता."

"मग भांडलो असतो. त्यात काय? पहिल्यांदा भांडणार होतो का?"

दोघींनाही हसू आलं नाही. पण ती त्यानंतर खाली बसली.

बसल्यावर तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पुन्हा उठली. दुपारी तिच्याकडे बायका शिवण शिकायला यायच्या. मण्यांची करामत पाहून त्या हरखून जायच्या, आणि तिने त्यांना गोळ्यातले चिमूट चिमूट मणी वाटले होते. "घरात लेकरं आहेत ना तुमच्या, टाचण्या सांभाळा," असं वर सांगून. जिच्या घरी लहान मूल, तिला तिने आठवणीने दिले होते.

तिथेच, इस्पितळाच्या भिंतीला पाठ लावून, तिने एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. एकीने विचारलं, "बाई, हातातली बाही पुरी करून काढले तर चालेल ना?" "आत्ता. फोन चालू ठेव, मला आवाज ऐकू दे," ती म्हणाली. दुसरीचे मणी मुलाच्या दप्तरात सापडले. तिसरी आधी रागावली, आणि मग रडायला लागली. तिची तिलाच समजूत घालावी लागली. मधेच दार उघडलं, डॉक्टर बाहेर आल्या. वीतभर आतडं काढावं लागलं होतं. पोर जगेल, त्या म्हणाल्या. खाण्यापिण्याचं पुढे बराच काळ सांभाळावं लागेल. नवऱ्याने डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. तिच्या कानाला अजून फोन होता आणि पलीकडून कुणीतरी "बाई? बाई?" करत होतं.

टिल्ली घरी आली तेव्हा अंगाने निम्मी झाली होती. पट्टी पहिल्यांदा निघाली, तेव्हा आईच्या नजरेला आधी टाके दिसले. सरळ, समान अंतरावर, कुठे चुणी नाही. आपण असल्या वेळी हे बघतोय याची तिला लाज वाटली, पण तिने ते परत एकदा पाहिलं. मशिनवर आता टाचण्यांची साधी उशी आहे. फरशी ती गुडघ्यांवर बसून तळहाताने चाचपते, दोनदा.

मणी दिलेल्या बायकांपैकी एक मात्र अजून सापडलेली नाही. वर्गात तिला सगळ्या पायजमेवाली म्हणायच्या. "मला दुसरं काही शिकवूच नका," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "नवरा आणि सासरा दोघंही ताडमाड. बाजारात त्यांच्या मापाचा पायजमाच मिळत नाही." उंच बाई, हसताना तोंडावर हात धरायची. डाव्या हाताने कापायची आणि कातर बोथट आहे म्हणून कुरकुरायची. कडेवर एक गुटगुटीत मुलगी असायची, नुकती बसायला लागलेली. नवऱ्याची बदली झाली आणि ते गाव सोडून गेले. फोन लागत नाही. घरमालकाला नवा पत्ता ठाऊक नाही. ती मुलगी आता चालत असेल, आईच्या मागे मागे फरशीवरून हात फिरवत असेल.

म्हणून टिल्लीची आई भेटेल त्याला विचारते, आणि आता तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या इमारतीत, मागच्या गल्लीत, कुणी उंचशी, डावखुरी बाई अलीकडे राहायला आली आहे का? घरातून मशिनचा आवाज येतो का, दोरीवर लांबच लांब पायजमे वाळत असतात का? असतील तर फोन नंबर शोधत बसू नका. जा, आणि दार वाजवा.