शबीनाची एक्केचाळीस गणितं

संशय घेणं हा विजयसिंह सरांचा जुनाच आजार. भाजीवालीनं मेथीची जुडी जास्तीची घातली, तरी घरी येऊन ते ती सोडून बघत. त्यामुळं आपली विद्यार्थिनी शबीना, आपण खोलीत आलो की कॉम्प्युटरवरचं काम झटकन बंद करते, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. महिनाभर त्यांनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात खटला उभा केला.

बारामतीच्या त्या कॉलेजात सरांचं नाव होतं ते एका पिंजऱ्यामुळं. लोखंडाचे आठ आणि ऑक्सिजनचे बारा अणू एकत्र आले तर त्यांची सगळ्यात स्थिर मांडणी कोणती, म्हणजे ऊर्जा सगळ्यात कमी कशात, हे त्यांनी चौदा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर गणित करून काढलं होतं. उत्तर आलं बंद पिंजरा. त्याचा प्लास्टिकच्या गोळ्यांचा नमुना टेबलावर असे. त्याच्यावरची धूळ सर स्वतः पुसत, शिपायाला हात लावू देत नसत.

शबीना बावड्याहून एसटीनं येई. पीएचडीला तिनं तोच पिंजरा पुढं न्यायचा होता. उन्हाळ्यात ती परगावी एका कार्यशाळेला गेली, तिथं याच विषयातली मंडळी होती. सरांना एवढं पुरेसं होतं. पोरगी आपलं काम तिकडं पोचवतेय, तिकडचे लोक ते खोटं पाडणार, आणि आपला पिंजरा आपल्याच विद्यार्थिनीच्या हातून मोडणार. सोमवारी तिचा अहवाल विद्यापीठात जायचा होता. त्यावर सही करायची नाही, मग तिची पीएचडी अडली तरी चालेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

फक्त पुरावा हवा होता. शनिवारी दुपारी ती डबा खायला गेली आणि सरांनी तिचं फोल्डर उघडलं. आत एक्केचाळीस गणितं होती. नावं अशी: सर-१, सर-२, थेट सर-४१.

पहिल्यात त्यांचाच पिंजरा होता. शेजारी एक बसकी, वाकडी मांडणी, आणि तिची ऊर्जा पिंजऱ्याहून कमी. खाली शबीनानं लिहिलं होतं: ‘सरांनी लोखंडाच्या सगळ्या अणूंचं चुंबकत्व एकाच दिशेला धरलंय. निम्म्यांचं उलटं केलं की पिंजरा हरतो. पण सर चुकणार नाहीत. दुसऱ्या पद्धतीनं बघते.’

पुढच्या चाळीस वेळा तिनं पद्धत बदलली होती. चाळीस वेळा शेरा एकच: ‘पिंजरा हरला.’ शेवटची तारीख कालची. आणि टेबलावरच्या अहवालात तिनं लिहिलं होतं, पिंजराच सर्वांत स्थिर.

सरांना स्वतःची लाज वाटली. तेव्हाचं मशीन हळू होतं, वेळ वाचावा म्हणून त्यांनीच एक दिशा धरली होती. उलटी दिशा नंतर बघू म्हणाले, आणि कधी बघितलीच नाही.

शबीना परत आली. पडद्यावर काय उघडंय ते पाहून तिचा हात माऊसकडं गेला.

“राहू दे,” सर म्हणाले. “अहवालात खोटं का लिहिलंस?”

तिनं हात मागं घेतला. “अजून एक पद्धत राहिलीय, सर. तेवढी करून बघते की.”

“नगं. माझंच चुकलंय.”

त्यांनी अहवालातली ती ओळ खोडली, तिथं तिची मांडणी लिहिली आणि खाली सही केली. मग पिंजऱ्याचा नमुना ओढून घेतला आणि एकेक गोळा काढून टेबलावर ठेवायला लागले. शबीना अजून उभीच होती.

“बस,” ते म्हणाले. “तुझी मांडणी कशी हाय, सांग. ह्यो लोखंडाचा. कुठं लावू?”