उचललेलं ताट

बाळ्या म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटलेला शिंपी, पण घरात अजून बाळ्याच. पायाची जखम चिघळली म्हणून त्याला दवाखान्यात ठेवलं होतं. साखरेचं दुखणं जुनंच. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई दिवसभर त्याच्या उशाशी बसायच्या आणि तो कुरकुरायचा, "ताई, तू घरी जा बघू. तू समोर असलीस की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं."

त्या सकाळी नर्सनं त्याच्या पोटाला इन्सुलिन टोचलं. पाठोपाठ नाश्ता आला. बाळ्या ब्रेडला हात घालतो तोच वॉर्डबॉयनं समोरचं ताट उचललं. पोटाची सोनोग्राफी आहे म्हणे, काही खायचं नाही.

"अहो, पण इंजेक्शन आत्ताच दिलंय ना?" बाईंनी विचारलं.

"लगेच नेतील त्यांना," म्हणत नर्स पुढच्या खाटेकडे वळली.

कुणी नेलं नाही. खाटेवर आलेलं ऊन जमिनीवर उतरलं. बाळ्या आधी गप्प झाला, मग डोक्यावर पंखा गरगरत असताना घामानं निथळायला लागला. बाई कपाळ पुसायला गेल्या, तर त्यानं हात झटकला आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या बहिणीला शिवी हासडली.

"पेशंटला आवरा हो," नर्स लांबूनच म्हणाली.

"आवरा काय? त्याची साखर उतरलीय! तपासा आधी!"

"साखर तपासायचं मशीन शेजारच्या वॉर्डात गेलंय. आणि त्यांना उपाशी ठेवायचंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही देऊ शकत नाही."

"मग विचारा की! मुहूर्त बघताय का?"

एवढ्यात बाळ्याची जीभ जड झाली. "बाही आखूड झाली... बाही..." असं पुटपुटत त्यानं मान टाकली. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी आपला गोड चहा पुढं केला. बाईंनी कप घेतलाही, पण त्याला गिळता येईना. घोट श्वासनळीत गेला असता तर? त्यांनी कप खाली ठेवला आणि शाळेत ज्या आवाजानं मैदानाच्या पार टोकाची पोरं जागच्या जागी थिजायची, तो आवाज काढला.

"डॉक्टर! साखर उतरून माणूस जातोय इथं!"

एक तरुण डॉक्टरीण धावत आली. वाटेतच तिनं शेजारून मशीन उचलून आणलं होतं. बोटातलं रक्त तपासलं आणि तिचा चेहरा पडला. शिरेतून ग्लुकोज गेलं. थोड्या वेळानं बाळ्यानं डोळे उघडले. "ताई, रडतेस कशाला?"

"नशीब, वेळेत लक्षात आलं," डॉक्टरीण म्हणाली.

"लक्षात आलं? कुणाच्या?" बाई कडाडल्या. "साखर उतरवायचं औषध टोचता, वर तोंडचा घास काढून घेता, आणि माणूस बरळायला लागला की म्हणता आवरा! ज्याच्याजवळ ओरडायला कुणी नाही, त्यानं काय करायचं?"

डॉक्टरिणीनं सोनोग्राफीच्या खोलीत फोन लावला. तिथलं यंत्र सकाळपासूनच बंद होतं. वॉर्डात कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते ऐकून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चूक आमचीच आहे," डॉक्टरीण म्हणाली. तिनं ताट परत मागवलं, साखर थोड्या वेळानं पुन्हा तपासायला सांगितली, पुढचा डोस कमी केला. यापुढं ताट समोर आल्याशिवाय आणि तपासणीची खात्री केल्याशिवाय सुई टोचायची नाही, असंही बजावलं. नर्सचे डोळे भरले होते. अख्ख्या वॉर्डाला सकाळपासून ती एकटीच होती.

बाईंनी ते पाहिलं. राग तसूभरही उतरला नाही, पण तिच्यावर काढण्यात अर्थ नव्हता.

"तुमचे मोठे साहेब कुठं बसतात?"

साहेबांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं, "बघतो" म्हणाले.

"तुम्ही बघा, मी बसते," बाई म्हणाल्या आणि खरंच बसल्या. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग फोन उचलला. संध्याकाळी वॉर्डाला स्वतःचं मशीन आणि मदतीला आणखी एक नर्स मिळाली.

"एका मशीनपायी माणसाचा जीव धोक्यात घालायचा!" बाई खाटेशी येऊन धुसफुसल्या.

बाळ्या एका हातानं ताट घट्ट धरून जेवत होता.